बेशुद्ध पडणारी माशी आणि पेशीतली मालवाहतूक

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, किंवा बसच्या आवाजात अर्धा हुकला, त्यांच्यासाठी ही लेखी प्रत. बोलताना लागलेली दम-धाप काढून टाकलीय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका माशीची. घरात भणभणते ती माशी नाही. केळी जास्त पिकली की टोपलीभोवती बारीक माश्या घिरट्या घालतात बघा, जेमतेम तीन मिलिमीटरच्या, त्यातली एक. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात, आपण फळमाशी म्हणू. या माश्यांचा एक वाण असा होता की एरवी अगदी ठणठणीत. उडायची, चालायची, खायची. पण काचेच्या नळीत ठेवून ३८ अंशांपर्यंत तापवली की काही मिनिटांत आडवी. शेजारच्या नळीतली साधी माशी त्याच तापमानाला मजेत काचेवर चढतेय, आणि ही पाय वर करून पडलेली.

पुढची गंमत ऐका. नळी थंड केली तरी ही लगेच उठत नाही. जितका जास्त वेळ तापवली, तितका शुद्धीवर यायला उशीर. म्हणून तिचं नाव पडलं ‘कोमॅटोस’, म्हणजे कोमात गेलेली.

ही माशी १९७६ मध्ये एका शोधनिबंधातून जगासमोर आली. लिहिणारे दोघे. एक अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेचे सेमूर बेंझर. दुसरे ओबेद सिद्दिकी, आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे, म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआरचे. माशी का पडते याचं कारण नसांमध्ये, म्हणजे चेतासंस्थेत कुठेतरी आहे, एवढं त्यांना कळलं होतं. पण नेमका कुठला पुर्जा बिघडलाय? ते कळायला आणखी १९ वर्षं लागली. आणि जेव्हा कळलं, तेव्हा तोच पुर्जा यीस्टमध्ये आणि हॅमस्टरच्या पेशींत वेगळ्या नावांनी आधीच सापडलेला होता. तुमच्या-माझ्या जवळपास प्रत्येक पेशीतही तो आहे.

हा पुर्जा काय काम करतो, ते समजायला आधी पेशीच्या आत जाऊ.

पेशी म्हणजे पिशवी नाही

शाळेत आपण पेशीची आकृती काढली. मधे केंद्रक, भोवती आंतर्द्रव्यजालिका, बाजूला गॉल्गी संकुल, इकडेतिकडे लयकारिका. नावं पाठ केली, पेपरात लिहिली, विषय संपला. त्या आकृतीत एक गोष्ट मात्र दिसतच नाही. हे सगळे भाग सुटे नाहीत. त्यांच्यात दिवसरात्र मालाची ये-जा चालू असते.

मी सणसवाडीत राहतो. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, शिरूर तालुक्यात. इथे कारखाने आणि गोडाऊन भरपूर, त्यामुळे मालवाहतूक म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. शेडमध्ये माल तयार होतो. मग पॅकिंग, मग लेबल, मग चलन, मग ट्रक, मग गेट. चुकीचं लेबल लागलं तर माल भलत्याच गावी. गेट अडलं तर आतला सगळा माल तुंबतो. आणि रिकामे ट्रक परत आले नाहीत, तर उद्याची लोडिंग बंद.

केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत हेच चाललंय. आंतर्द्रव्यजालिका हे उत्पादनाचं शेड. तिथे प्रथिनं तयार होतात, त्यांच्या घड्या नीट घातल्या जातात. गॉल्गी संकुल म्हणजे पॅकिंग आणि सॉर्टिंग. लयकारिका म्हणजे भंगार तोडायची जागा. ट्रकच्या जागी असतात पिटिका, म्हणजे पातळ पटलाच्या इवल्याशा पिशव्या. एका पटलाचा फुगा तुटून सुटतो, दुसऱ्या पटलाला जाऊन चिकटतो, त्यात विरघळतो आणि आतला माल पोचता होतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन असंच बाहेर पडतं. एका चेतापेशीकडून दुसरीला निरोपही असाच जातो. या सगळ्या जाळ्याला म्हणतात पेशीची आंतरपटल व्यवस्था.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला प्रश्न पडतो की एवढी बारीक व्यवस्था माणसाने शोधली कशी? कारण ती साध्या सूक्ष्मदर्शकातून धड दिसतच नाही.

पन्नास वर्षं चाललेला वाद

सुरुवात इटलीत. १८९८ साली पाविया शहरात कामिल्लो गॉल्गी घुबडाच्या मेंदूतल्या पेशी बघत होते. चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवायची पद्धत त्यांनीच २५ वर्षं आधी शोधली होती. त्या रंगात त्यांना पेशीच्या आत एक जाळी दिसली. ती त्यांनी जाहीर केली. आणि वाद सुरू झाला. कित्येकांचं म्हणणं, हे खरं नाहीच, रंगाचा डाग आहे. कारण कधी जाळी दिसायची, कधी नाही. १९०६ साली गॉल्गींना नोबेल मिळालं, पण ते चेतासंस्थेवरच्या कामासाठी, या जाळीसाठी नव्हे. जाळी खरी की खोटी हे भांडण त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिलं.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या कीथ पोर्टर, अल्बर्ट क्लोद आणि अर्नेस्ट फुलम यांनी कोंबडीच्या गर्भातल्या पेशीचा फोटो प्रसिद्ध केला. आत लेससारखी नक्षी. तीच आपली आंतर्द्रव्यजालिका. पुढे १९५०च्या दशकात गॉल्गींची जाळीही स्पष्ट दिसली आणि वाद मिटला. १९५५ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्त्याँ द द्यूव यांनी लयकारिकेला नाव दिलं.

पण फोटोत सगळं थिजलेलं. ट्रक दिसतोय, पण तो येतोय की जातोय? हे जॉर्ज पालाडे यांनी सोडवलं. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या चकत्या घ्यायच्या, त्यांना थोडाच वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल द्यायचं आणि मग ते कुठे कुठे पोचतं ते बघत राहायचं. म्हणजे पार्सलवर ट्रॅकर लावला म्हणा. सुरुवातीला खूण दिसली आंतर्द्रव्यजालिकेत. मग गॉल्गीच्या भागात. आणि दोनेक तासांनी, बाहेर पडायला तयार असलेल्या साठ्याच्या कणांत. जेम्स जेमिसन यांच्याबरोबर केलेलं हे काम १९६७ चं. १९७४ मध्ये पालाडे, क्लोद आणि द द्यूव या तिघांना नोबेल मिळालं.

म्हणजे रस्ता कळला. पण रस्त्यावर काम करणारी माणसं कोण? पिटिका सोडतं कोण, थांबवतं कोण, चिकटवतं कोण? रस्त्याच्या नकाशावरून ड्रायव्हरचं नाव कळत नाही. त्यासाठी कुणीतरी एकेका कामगाराला सुट्टीवर पाठवून काय अडतं ते बघायला हवं होतं.

कुलाब्यातला माणूस

आता मुंबईला येऊ. ओबेद सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, जन्म १९३२. अलीगढला शिकले, ग्लासगोला ग्विदो पोंतेकोर्व्हो यांच्याकडे पीएचडी केली, मग अमेरिकेत काम केलं. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना टीआयएफआरमध्ये बोलावलं. विचार करा, ती संस्था भौतिकशास्त्राची आणि गणिताची. तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करायचा होता. सिद्दिकींनी तो केला. आधी त्यांचं काम जिवाणूंवर होतं. नंतर १९७०च्या दशकात ते माश्यांकडे वळले आणि कॅलटेकमध्ये बेंझर यांच्याबरोबर काम केलं. कोमॅटोस तिथली. म्हणजे माशी पसाडेनाची, माणूस मुंबईचा. श्रेय देताना दोन्ही गावांची नावं घ्यायला हवीत.

बेंझर यांची कल्पना साधी होती, पण त्या काळी बऱ्याच जणांना वेडेपणा वाटायची: वागण्यात बिघाड असलेली माशी शोधा, म्हणजे वागणूक घडवणारं जनुक सापडेल. पण इथे एक अडचण येते. पेशीतला पुर्जा जर खरंच महत्त्वाचा असेल, तर तो मोडलेली माशी जन्मालाच येणार नाही. मेलेल्या माशीचा अभ्यास काय करणार?

यावरची युक्ती म्हणजे तापमान. काही बिघाड असे असतात की प्रथिन थंडाव्यात कसंबसं काम करतं, पण तापलं की त्याची घडी बिघडते. अशी माशी थंड खोलीत वाढवायची, अंडी घालू द्यायची, पिढ्या चालवायच्या. आणि प्रयोगाच्या दिवशी नुसतं गरम करायचं. पुर्जा बंद! बटण तुमच्या हातात. आमच्या धंद्यात याला म्हणतात बग हवा तेव्हा पुन्हा घडवता येणं. जो बग मागे लागून घडवता येतो, तो अर्धा सुटलाच.

अशा तापमानाला पडणाऱ्या माश्या इतर ठिकाणीही सापडत होत्या. त्यातली एक फार प्रसिद्ध झाली, ‘शिबिरे’. हा जपानी शब्द, अर्थ बधिर होणं. ही ३० अंशांच्या आसपासच पडते आणि थंड केली की दोनेक मिनिटांत उठून बसते. कोमॅटोसपेक्षा अगदी उलट स्वभाव. ही दोघांमधली तफावत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकच पुर्जा, तीन नावं

इकडे १९७०च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये रँडी शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक यांनी हीच तापमानाची युक्ती यीस्टवर वापरली. यीस्ट म्हणजे ब्रेड फुगवणारं, एका पेशीचं. २५ अंशांना नीट वाढणारं, पण ३७ अंशांना ज्याचा माल बाहेर पडायचा थांबतो, असं यीस्ट त्यांनी शोधलं. माल आत साचला की पेशी जड होते, म्हणून जड पेशी वेगळ्या काढायच्या. काय डोकं आहे! १९८० पर्यंत त्यांनी अशी २३ जनुकं गाठली. प्रत्येक बिघाडात माल वेगवेगळ्या नाक्यावर तुंबलेला. त्यातल्या एका जनुकाचं नाव सेक-१८.

तिकडे जेम्स रॉथमन यांनी तिसराच रस्ता धरला. त्यांनी पेशी फोडल्या, गॉल्गीचे तुकडे परीक्षानळीत ठेवले आणि तिथे वाहतूक चालू करून दाखवली. मग एका रसायनाने ती बंद पाडली, आणि काय परत घातलं की सुरू होते ते शोधलं. १९८८ मध्ये हॅमस्टरच्या पेशींतून त्यांच्या गटाला एक प्रथिन मिळालं. नाव ठेवलं एनएसएफ. आणि १९८९ मध्ये उलगडलं की एनएसएफ आणि यीस्टचं सेक-१८ ही एकच चीज आहे. हॅमस्टरचा पुर्जा आणि यीस्टचा पुर्जा एक! दोघांचा सामाईक पूर्वज अब्जभर वर्षांपूर्वीचा असेल, तरी तोच नटबोल्ट दोघांकडे.

आणि आपली बेशुद्ध माशी? ती अजून कपाटातल्या बाटलीत, पिढ्यानपिढ्या वाढवली जात होती. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लिओ पॅलँक, रिचर्ड ऑर्डवे आणि बॅरी गनेट्स्की यांनी दाखवलं की कोमॅटोस माशीत बिघडलेलं जनुक म्हणजे एनएसएफचंच जनुक. निबंधाचं शीर्षकच होतं, ‘ड्रोसोफिलाचं एनएसएफ म्युटंट’, अशा अर्थाचं. म्हणजे सिद्दिकी आणि बेंझर यांनी १९७६ मध्ये ज्या बिघाडाची नोंद केली, तो बिघाड पेशीच्या मालवाहतुकीतल्या एका मुख्य पुर्ज्याचा होता. पुर्ज्याला नाव मिळायच्या १२ वर्षं आधी त्याच्या बिघाडाला नाव मिळालेलं होतं.

मग माशी मरत का नव्हती? कारण माशीकडे एनएसएफ बनवणारी जनुकं दोन आहेत. कोमॅटोसमध्ये बिघडलेलं जनुक प्रौढ माशीच्या चेतासंस्थेत विशेष काम करतं. म्हणून बाकी शरीर चालू, आणि नसा बंद.

माशीची साक्ष

१९९३ मध्ये रॉथमन यांच्या गटाने सांगितलं की पिटिकेवर आणि ती जिथे पोचते त्या पटलावर, दोन्हीकडे दोरीसारखी प्रथिनं असतात. त्यांना स्नेअर म्हणतात. दोन्हीकडच्या दोऱ्या एकमेकींना पीळ घालून घट्ट होतात, पटलं जवळ ओढली जातात, माल सुटतो. सुरुवातीला वाटलं होतं की एनएसएफ हे शेवटचं जोडायचं काम करतं. नंतरचे प्रयोग वेगळंच सांगू लागले: एनएसएफ पीळ घालत नाही, पीळ सोडवतं. ऊर्जा खर्च करून गुंतलेल्या दोऱ्या मोकळ्या करतं, म्हणजे त्या पुन्हा वापरता येतात.

इथे माशी साक्षीला आली. १९९८ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी कोमॅटोस माश्या तापवून तपासल्या. आत काय दिसलं? न सुटलेल्या पिळांचा ढीग. म्हणजे माल चढवायला ट्रक उभा, पण दोर सगळे गाठीत अडकलेले. हा प्रयोग करायला कुणाला नवीन माशी बनवावी लागली नाही. वीस वर्षं सांभाळलेली आयती होती.

आणि शिबिरे? १९९१ मध्ये कळलं की तिच्यात बिघाड आहे डायनामिन या प्रथिनात. हे प्रथिन दोन वर्षं आधी गायीच्या मेंदूतून मिळालं होतं. पिटिका पटलापासून तोडून मोकळी करायचं काम त्याचं. म्हणजे ही परतीच्या रिकाम्या ट्रकची बाजू. कोमॅटोसमध्ये दोर सुटत नाहीत, शिबिरेमध्ये गाडी परत येत नाही. दोन्हीकडे लोडिंग बंद, माशी आडवी.

या परतीच्या वाटेवर मुंबईत भरपूर काम झालं. टीआयएफआरचे के. एस. कृष्णन या पडणाऱ्या माश्यांच्या मागे वर्षानुवर्षं होते. १९९४ मध्ये मणी रामस्वामी आणि रेगिस केली यांच्याबरोबर त्यांनी शिबिरे माशीच्या जिवंत नसेत चमकणारा रंग भरून पिटिकांचं जाणं-येणं डोळ्यांनी दाखवलं. २००१ मध्ये कृष्णन आणि सहकाऱ्यांनी कोमॅटोस आणि शिबिरे हे दोन बिघाड एकमेकांवर काय परिणाम करतात, तेही तपासलं. सिद्दिकींनी लावलेलं रोप आणि त्याच अंगणातला माळी, असं म्हणा हवं तर.

माशीचं आपल्याला काय?

कुणी म्हणेल, माशी पडली काय आणि उठली काय. तर ऐका. कारखान्यात हाताला पत्रा लागला की आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवतात. आमच्या भागात हे रोजचं आहे. धनुर्वात म्हणजे काय? जिवाणूचं विष चेतापेशीत शिरतं आणि त्याच स्नेअर दोऱ्यांपैकी एक कापतं. हे १९९२ मध्ये सिद्ध झालं. स्नायूंना ‘थांब’ असा निरोप देणाऱ्या पेशींचा माल त्यामुळे सुटेनासा होतो, आणि अंग ताठतं, दातखीळ बसते. ज्या यंत्रणेत बिघाड होऊन माशी पडते, त्याच यंत्रणेवर घाव घालून धनुर्वात माणूस मारतो. लस का घ्यायची, याचं यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

२०१३ च्या ७ ऑक्टोबरला पेशीतल्या पिटिकांच्या वाहतुकीसाठी नोबेल जाहीर झालं. रॉथमन, शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ. तिघांचं काम त्या तोलाचंच आहे. त्याआधी जेमतेम अडीच महिने, २६ जुलै २०१३ ला, ओबेद सिद्दिकी बंगळुरूत रस्त्यावरच्या अपघातानंतर गेले. पुढच्या वर्षी कृष्णनही गेले. कोमॅटोसला नोबेल मिळायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. बिघाडाची नोंद करणं आणि पुर्जा हातात धरून तो कसा चालतो ते दाखवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

पण पहिलं काम कमी समजू नका. माझ्या रोजच्या कामात सगळ्यांना फिक्स हवा असतो. बग नीट लिहून ठेवणाऱ्याला कुणी टाळी देत नाही: कुठल्या परिस्थितीत घडतो, किती वेळाने घडतो, परत कसा घडवायचा. सिद्दिकी आणि बेंझर यांनी नेमकं हेच केलं. किती अंशांना पडते, किती वेळाने उठते, नसेत काय दिसतं. कारण माहीत नसताना लक्षणं इतकी चोख लिहिली की १९ वर्षांनी दुसऱ्या देशातल्या लोकांनी ती माशी उचलली आणि उत्तर तिथेच होतं. आणि मधल्या काळात कुणीतरी, ज्यांची नावं कुठल्याच निबंधात नाहीत, त्यांनी ती बाटली दर काही आठवड्यांनी बदलून, खाद्य घालून, माशी जिवंत ठेवली.

शाळेतली ती आकृती परत कधी समोर आली तर बाणही काढा. शेडपासून गेटपर्यंत, आणि गेटपासून परत.

आजच्यापुरतं एवढंच. काही प्रश्न असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हो, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, ते आज घरी विचारून ठेवा. भेटू मंडळी!